ब्लंट टॉक पुढे बघू की सोडून देऊ?

रातकिडा:
कोणी ब्लंट टॉक पूर्ण बघितलीये का? २०१५ ला स्टार्झ या अमेरिकन चॅनलवर आलेली कॉमेडी मालिका, पॅट्रिक स्टुअर्ट त्यात लॉस एंजेलिसमधल्या न्यूज चॅनलचा ब्रिटिश अँकर झालाय, वॉल्टर ब्लंट. काल पहिला एपिसोड लावला. साहेब पिऊन गाडी चालवतात, पोलिसांनी धरलं तर जॅग्वारच्या टपावर चढून हॅम्लेट म्हणायला लागतात! हसले खूप, पण स्टार ट्रेकमधल्या आपल्या कॅप्टन पिकार्डला असं बघवेना हो. आणि या माणसावर चिडायचंय का जीव लावायचाय तेच कळेना. पुढे सुधारतो का?

पडदानशीन:
सुधारत बिधारत काही नाही, आणि तेच बरंय. अटकेनंतर तो स्वतःच्याच शोमध्ये स्वतःची मुलाखत घेतो ना, तिथे मी फुटलो, म्हणजे पश्चात्ताप व्हायचा तर तोसुद्धा कॅमेऱ्यासमोर आणि प्रश्न विचारणाराही आपणच. पण खरी मजा हॅरीची. फॉकलंड्सच्या लढाईत ब्लंटच्या हाताखाली होता, आता त्याचा घरगडी, आणि मालकाने काहीही दिवे लावले तरी हॅरीच्या कपाळावर आठी नाही. अ‍ॅड्रियन स्कारबरो हॅरीच्या भूमिकेत कमाल आहे.

चॅनलबदलू:
मला नाही झेपली. ऑफिसातले सगळे त्याला इतकं पोटाशी धरतात की तो वाईट वागतो याची झळच कुणाला लागत नाही. मग कसलं विडंबन? मेरी टायलर मूर शो या जुन्या अमेरिकन कॉमेडीतला न्यूज अँकर टेड बॅक्स्टर बघा, बातम्या धड वाचता येत नाहीत पण रुबाब केवढा, आणि १९७७ च्या शेवटच्या एपिसोडमध्ये नवा स्टेशन मॅनेजर येतो, रेटिंग पडलंय म्हणून सगळ्या न्यूजरूमला काढतो आणि ठेवतो कुणाला तर टेडला!! चॅनल चालवणाऱ्यांची अख्खी अक्कल तिथे निघते.

पडदानशीन:
टेडचं मान्य, पण तो मुळात ढ आहे. ब्लंट हुशार आहे, त्याला सगळं कळतं आणि तरी करतो. दोघांना एका मापाने कसं मोजणार?

जुनाटीव्ही:
ब्रिटिश चालत असेल तर ड्रॉप द डेड डाँकी ही न्यूजरूमवरची कॉमेडी पण घ्या, चॅनल ४ वर १९९० ते ९८. त्यात अँकर हेन्री आणि सॅली एकमेकांना पाण्यात बघतात, पण सगळ्यात नालायक तो रिपोर्टर डेमियन, दुर्घटनेच्या जागी शॉट हृदयद्रावक व्हावा म्हणून स्वतःच्या बॅगेतलं टेडी बेअर ठेवतो. फक्त शूटिंग प्रसारणाच्या अगदी तोंडावर करायचे, त्या आठवड्याच्या ताज्या बातम्या घालून, त्यामुळे अर्धे जोक आता डोक्यावरून जातात.

रातकिडा:
टेडी बेअर, बापरे. आधी ब्लंटच बघते मग. किती आहे एकूण?

पडदानशीन:
दोन सीझन, दहा दहा एपिसोड, अर्ध्या अर्ध्या तासाचे, २०१६ ला गुंडाळली. आणि बारमधल्या पियानोवाल्याकडे लक्ष ठेव, ब्रेंट स्पायनर आहे, स्टार ट्रेकमधला आपला डेटा.