कर्णाचे बालपण दुःखी होते, हे आपल्याला सांगितले कोणी?

ताम्रपट :
काल कर्णावरचे एक टिपण वाचनात आले. त्याचा आशय असा : सारथ्याच्या गळक्या झोपडीत, अर्धपोटी आणि मायेवाचून वाढलेल्या त्या पोराला प्रेमाचा पहिला शब्द मिळाला तो दुर्योधनाकडून, मग तो त्याचा झाला यात नवल काय? खाली डोळे पुसणाऱ्यांची रांग लागली होती. दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसावे असे ठरवले होते, परंतु ते जमले नाही.

वनपर्वात अधिरथाची ओळख करून देताना व्यासांनी वापरलेले शब्द ‘धृतराष्ट्रस्य वै सखा’ असे आहेत. हस्तिनापूरच्या राजाचा हा स्नेही आपल्या पत्नीसह गंगेवर गेला असताना चंपा नगरीजवळ त्याला कर्णाची ती पेटी सापडते. अश्वनदीतून चर्मण्वतीत, तिथून यमुनेत आणि मग गंगेत असा त्या पेटीचा प्रवास झालेला आहे. राधेला मूल नव्हते. बाळाचे सोन्याचे कवच आणि कुंडले पाहून त्याचे नाव वसुषेण ठेवले जाते, आणि तो मोठा झाल्यावर अधिरथ त्याला शिकायला हस्तिनापुरी पाठवतो. तिथे तो द्रोण, कृप आणि पुढे परशुराम अशा तिघांकडून अस्त्रविद्या घेतो. द्रोणांनी त्याला दारातूनच हाकलले अशी जी समजूत आहे तिच्यात तथ्य एवढेच की त्यांनी ब्रह्मास्त्र नाकारले.

मायेचा प्रश्न तर कर्णानेच निकालात काढला आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला पांडवांकडे ये म्हणतो, तेव्हा तो राज्याची गोष्ट बाजूला ठेवून आधी राधेविषयी बोलतो. माझ्यावरच्या स्नेहाने तिला तत्काळ पान्हा फुटला, असे सांगून तो पुढे म्हणतो : ‘सा मे मूत्रं पुरीषं च प्रतिजग्राह’. तिने माझे गू-मूत काढले. मग माझ्यासारख्याने तिचा पिंड कसा बुडवावा? महायुद्धाच्या तोंडावर, साक्षात कृष्णासमोर, आपल्या बाळपणाचा पुरावा म्हणून दुपट्यांची आठवण काढणारा दुसरा योद्धा मला तरी ठाऊक नाही.

शूराच्या बालपणात जखम असल्याखेरीज आपल्याला त्याचे शौर्य पटेनासे झाले आहे. मूळ कथेत जखम सापडली नाही की आपण ती घालतो, आणि ती घालताना राधा पुसली जाते याचे कोणाला काही वाटत नाही.

नववी ब :
आपला अभ्यास दांडगा आहे हे मान्य करतो, पण त्या अभ्यासाने आपण नेमके काय सिद्ध केले ते कळले नाही. पेटी सापडल्यापासून हस्तिनापुरी पोहोचेपर्यंतचा काळ व्यासांनी मोजक्या श्लोकांत उरकला आहे. तो मुलगा कोणाशी खेळला, कशाला भ्याला, रात्री कुंडले कानाला टोचत असतील तर कोणत्या कुशीवर झोपला, याविषयी तिथे अक्षर नाही. ही रिकामी जागा कादंबरीकारानेच भरायची असते. भासाने ‘कर्णभार’ हे नाटक लिहिताना कोणाची परवानगी घेतली होती?

माझीच गोष्ट सांगतो. ‘मृत्युंजय’ मी नववीत असताना तालुक्याच्या वाचनालयातून आणली. त्या प्रतीची पहिली पंधरावीस पाने गळालेली होती. दुसरी प्रत हाती येईपर्यंत पाच वर्षे गेली, आणि तोवर कर्णाचे बालपण मी स्वतःच रचून टाकले होते. माझा कर्ण आमच्या ओढ्यावर म्हशींच्या मागे पोहायला येत असे आणि कवचामुळे त्याला पाण्यात थंडी वाजत नसे. १९६७ साली आलेल्या या कादंबरीने निवेदन सहा जणांत वाटले आणि त्यांतला एक आवाज शोणाला, म्हणजे धाकट्या भावाला दिला. तो भाऊ कोणत्या पर्वात आहे असे विचारणाऱ्याने कादंबऱ्या वाचू नयेत, सूची वाचाव्यात.

ताम्रपट :
सूची वाचणाऱ्या माणसाचे उत्तर ऐका. कर्ण घरी आल्यानंतर राधेला औरस पुत्रही झाले, असे वनपर्वातच आहे. विराटपर्वात तर अर्जुन कर्णाच्या एका भावाला ठार करतो. तेव्हा आपल्या शोणाला आधार आहे, आणि तो मलाच काढून द्यावा लागत आहे. कादंबरीतल्या कर्णाच्या बायकोला, वृषालीला, मात्र तो नाही. कर्ण कृष्णाला एवढेच सांगतो की अधिरथाने माझी लग्ने लावून दिली, मला मुले आणि नातवंडे आहेत. त्या बायकांची नावे व्यासांनी दिलेली नाहीत, तरी आज लोक ‘महाभारतातली वृषाली’ म्हणून मुलींची नावे ठेवतात.

माझी तक्रार कादंबरीकारांविषयी नाही, वाचकांविषयी आहे. भांडारकर संस्थेने १२५९ हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचे प्रसिद्ध वाक्य त्या संहितेत प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेले, ठरून तळटिपांत गेले आहे. आपण मात्र अजून त्याच वाक्यावर रडत आहोत. मराठी वाचकाला सबबही नाही, कारण ज्या १९६७ मध्ये तुमची कादंबरी आली त्याच वर्षी इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ हा महाभारतावरचा लेखसंग्रहही आला आणि त्यात कर्णाची कोणतीही भीड न ठेवता चिकित्सा झालेली आहे. घरोघरी कोणते पुस्तक राहिले ते सांगायला नको.

सत्यमेव :
आपण सर्व जण कर्णाला ‘पात्र’ म्हणून संबोधत आहात, यास माझा तीव्र आक्षेप आहे. महाभारत हा इतिहास आहे.

ताम्रपट :
आक्षेप पोहोचला. इतिहास मानला तर त्यात मनाची भर घालणे अधिकच गैर ठरते, म्हणजे आपण माझ्याच बाजूचे आहात.

रातराणी :
राधा पुसली जाते, या एका वाक्यासाठी मी आज लिहीत आहे. आमचा मुलगा दत्तक आहे, अकरा वर्षांचा आहे, आणि हे त्याला समजायला लागल्यापासून माहीत आहे. गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला कर्णाचे काम मिळाले. संहितेत त्याच्या तोंडी एक वाक्य होते : ‘माझी खरी आई जिवंत असून मी अनाथ वाढलो.’ तालमीनंतर घरी येऊन त्याने दप्तर खाली ठेवले आणि मला विचारले, ‘मग राधा खोटी होती का?’ मी पोळ्या लाटत होते. तव्यावरची पोळी जळाली. उत्तर काय दिले ते मला आठवत नाही.

नातेवाईक अजूनही मला बाजूला घेऊन विचारतात की खऱ्या आईवडिलांचा काही पत्ता लागला का. मुलाचा ताप काढताना जागलेल्या रात्री कोणत्या खात्यात जमा होतात, हे त्यांना एकदा विचारायचे आहे. कर्णाच्या बालपणाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला गंगेच्या काठावरची कुंती दिसते, तिचे हुंदके ऐकू येतात. अहो, तिला हेरांकडून कळले होते की मूल चंपेत सुखरूप वाढते आहे. तिने त्यानंतर काय केले?

शोधयात्री :
रातराणीताई, आपल्या भावनेचा आदर ठेवून विरोध नोंदवतो. मी स्वतः दत्तक आहे, माझे वय आता चव्वेचाळीस आहे आणि माझ्या आईवर, म्हणजे जिने मला वाढवले तिच्यावर, माझे निस्सीम प्रेम आहे. तरीही डॉक्टर जेव्हा घरात कोणाला मधुमेह होता का असे विचारतात तेव्हा माझ्यापाशी उत्तर नसते, आणि ती रिकामी ओळ केवळ आजाराविषयीची नसते. आपले मूळ जाणून घ्यावेसे वाटणे म्हणजे राधेचा अपमान नव्हे. कर्णाने राधेला सोडले नाही म्हणून त्याला कुंतीविषयी काही वाटतच नव्हते, असे ठरवणे हीसुद्धा त्याच्या मनात आपल्या सोयीची भर घालणेच आहे.

रातराणी :
म्हणजे उद्या माझा मुलगाही असाच जाईल, हे आपण मला आदराने सांगत आहात.

शोधयात्री :
मी कुठेही ‘गेलो’ नाही. आई माझ्याकडेच असते; आत्ता शेजारच्या खोलीत झोपली आहे. तिच्या धास्तीपायी मी हा विषय वयाच्या तिशीपर्यंत उच्चारला नाही, आणि ती धास्ती काय असते हे आपण वरच्या एका वाक्यात दाखवून दिलेत. आपल्या मुलाने ‘राधा खोटी होती का’ असे विचारले, ते त्याने आपल्याला धीर देण्यासाठी विचारले असेल, अशी शक्यता एकदा तपासून पाहा.

रातराणी :
हे वाचून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. शक्यता तपासून पाहीन. आपल्यासाठी नव्हे.

चाकोरी :
दत्तकाची चर्चा चालू द्या. मला पहिल्या लेखातल्या ‘सखा’ या शब्दाकडे परत जायचे आहे. माझे वडील एका मोठ्या अधिकाऱ्याच्या गाडीवर सव्वीस वर्षे ड्रायव्हर होते. साहेब चारचौघांत त्यांचा उल्लेख ‘आमचे मित्र’ असाच करीत, आणि त्यात खोटेपणा नव्हता. परंतु लग्नकार्याला गेल्यावर साहेब मांडवात जेवत आणि त्यांचे मित्र गाडीत डबा उघडत. तेव्हा एका श्लोकातल्या एका शब्दावरून अधिरथाच्या घरात सर्व काही आलबेल होते असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्वानाने त्या श्लोकाचा कर्ता राजवाड्याच्या बाजूने बोलतो आहे की तबेल्याच्या, हेही सांगावे.

ताम्रपट :
मी ‘आलबेल’ हा शब्द वापरलेला नाही. सूत म्हणजे आजच्या अर्थाने चाकर, हे समीकरणही आपण गृहीत धरले आहे. संजय सूत आहे आणि तो धृतराष्ट्राचा विश्वासू मंत्रणाकार आहे. कीचक सूतपुत्र आहे, विराटाचा सेनापती आहे आणि राणीचा भाऊ आहे. एकलव्याचेही आपण असेच केले. निषादराज हिरण्यधनूचा तो राजपुत्र, त्याला आपण लंगोटी नेसवून रानात उभे केले. प्रत्येक योद्ध्याला गरिबीचा दाखला जोडण्याची ही सवयच झाली आहे.

चाकोरी :
दाखला आपणच काढा, मी नुसती जागा दाखवतो. आदिपर्वातील रंगभूमीचा, म्हणजे राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्याच्या जाहीर प्रदर्शनाचा, प्रसंग आपण संपूर्ण लेखात टाळला आहे. तो विस्मरणाने टळला असे मी मानत नाही. कर्ण नुकताच अंगदेशाचा राजा झालेला आहे, अभिषेकाने त्याचे डोके ओले आहे आणि तेवढ्यात म्हातारा अधिरथ काठीच्या आधाराने आत येतो. त्याला घाम फुटला आहे, तो थरथरतो आहे, त्याचे उपरणे घसरले आहे. कर्ण धनुष्य खाली ठेवून, ओले मस्तक लववून नमस्कार करतो आणि अधिरथ गडबडून वस्त्राच्या टोकाने आपले पाय झाकतो. त्यावर भीम काय म्हणतो? तुला अर्जुनाच्या हातून मरण्याची योग्यता नाही, कुळाला शोभेल असा चाबूक हाती घे. कीचक सेनापती होता म्हणून हे वाक्य कमी लागले असेल काय?

मला नेमणुकीचे पत्र मिळाले तेव्हा मी धावत बंगल्यावर गेलो. वडील आवारात अनवाणी गाडी धूत होते आणि साहेब पायरीवर उभे होते. मी आधी वडिलांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी खांद्यावरचे गाडी पुसायचे फडके ओढून भेगाळलेल्या पायांवर टाकले आणि म्हणाले, ‘अरे, आधी साहेबांच्या पड.’ तो श्लोक मी फार नंतर वाचला आणि माझ्यापुरती त्याला कोणत्याही आवृत्तीची तळटीप लागली नाही. झोपडी असेल नसेल. एखाद्या मुलाने वडिलांना तसे पाय झाकताना लहानपणी किती वेळा पाहिले असेल, एवढीच कल्पना मला त्या बालपणाविषयी करायची आहे, आणि ती करताना राधा कुठेही पुसली जात नाही. त्या दिवशी आईने शिरा केला होता.

नववी ब :
हे गळालेल्या पानांत असते तर मी प्रत परत केली नसती.

ताम्रपट :
रंगभूमीचा प्रसंग मी टाळला, हे खरे आहे. तो माझ्या म्हणण्याच्या आड येत होता. त्याच प्रसंगात अधिरथ राजा झालेल्या कर्णाला ‘पुत्र’ म्हणतो, त्याला मिठी मारतो आणि अभिषेकाने भिजलेले त्याचे डोके आसवांनी पुन्हा भिजवतो, हे आपणही गाळले आहे. तेव्हा आपली फिटंफाट झाली असे समजू. ‘सखा’ या शब्दावर दिलेला भर मी मागे घेतो. कर्णाला माया मिळाली, हे म्हणणे कायम ठेवतो. आणि झोपडी नव्हती ती नव्हतीच.

चाकोरी :
झोपडी आमचीही नव्हती. क्वार्टर होते, दीड खोलीचे, बंगल्याच्या मागच्या बाजूला.