डेबियन: सोर्समधून बांधलेलं एफएफएमपेग एपीटीच्या शेजारी नीट कसं ठेवावं?

खटपट्या:
डेबियन १२ (लिनक्स) वापरतो. जुन्या कॅसेटी डिजिटल करतोय, त्यासाठी फ्राउनहोफरचा एएसी एन्कोडर (आवाज दाबून छोट्या फाइलीत साठवणारा) हवाय. एपीटी (डेबियनचं पॅकेज बसवायचं साधन) जे एफएफएमपेग ५.१ (आवाज-व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्राम) देतं, त्यात तो नाही, परवान्याची भानगड. म्हणजे सोर्स कोडमधून स्वतः कंपाइल करणं आलं, ते जमेल. पण सरळ 'मेक इन्स्टॉल' मारलं की फायली यूएसआर-लोकलभर (स्वतः बसवलेल्या प्रोग्रामांचं फोल्डर) पसरतात, आणि पुढे काढायची वेळ आली की कुठली कुणाची ते कळत नाही. एपीटीचं एफएफएमपेग काढायचं म्हटलं तर एमपीव्ही, व्हीएलसी हे व्हिडिओ प्लेयर त्याच्याच लायब्रऱ्यांवर चालतात. तुम्ही मंडळी काय करता?

काळीखिडकी:
ग्नू स्टो वापरा, एपीटीत आहे. कॉन्फिगर करताना प्रीफिक्स (फायली कुठे बसवायच्या तो पत्ता) म्हणून यूएसआर-लोकलमधल्या स्टो फोल्डरात 'एफएफएमपेग-७.१' असं उपफोल्डर द्या. मेक इन्स्टॉल झालं की स्टो फोल्डरात जाऊन 'स्टो एफएफएमपेग-७.१'. तो यूएसआर-लोकलमध्ये फक्त सिमलिंक (खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या लिंका) टाकतो, खऱ्या फायली एकाच जागी. नको झालं की मोठ्या 'डी'चा पर्याय देऊन लिंका काढा आणि फोल्डर उडवा. डेबियनची पॅकेजेस यूएसआर-लोकलमध्ये आपल्या फायली टाकतच नाहीत, धोरणच आहे तसं.

जुनाखोड:
मी चेकइन्स्टॉलवाला. 'मेक इन्स्टॉल'ऐवजी ते चालवलं की डेब फाइल (डेबियनचं पॅकेज) बनते, एपीटीला पॅकेज दिसतं. फक्त नाव वेगळं द्या. 'एफएफएमपेग' हेच ठेवलंत तर पुढच्या अपग्रेडला डेबियनचं येऊन तुमचं पुसलं जाईल.

काळीखिडकी:
@जुनाखोड एका प्रोग्रामसाठी एवढा घाट कशाला?

लिंकर:
दोघांचं बरोबर, पण खरी मेख लायब्रऱ्यांत आहे. कॉन्फिगर करताना 'इनेबल-शेअर्ड' (लायब्रऱ्या वेगळ्या, सगळ्या प्रोग्रामांना वापरता येतील अशा बांधा) देऊ नका. प्रोग्राम सुरू होताना त्याच्या लायब्रऱ्या शोधणारा लोडर यूएसआर-लोकल-लिब आधी बघतो. तुम्ही ५.१ च शेअर्ड बांधलंत तर तिथे लिबएव्हीकोडेक (एफएफएमपेगची मुख्य लायब्ररी) ५९ येईल, डेबियनचाही ५९ च, आणि एमपीव्ही गुपचूप तुमचा उचलेल. त्यात चार कोडेक कमी असले की व्हिडिओ चालेना म्हणून एमपीव्हीला शिव्या. ७.१ चा क्रमांक ६१, त्यामुळे तो धोका नाही. तरी स्टॅटिकच (लायब्रऱ्या प्रोग्रामच्या आतच) बरं, मुळात तेच डीफॉल्ट आहे.

आणखी एक. फक्त आवाजच हवाय ना? मग 'इनेबल-जीपीएल' (जीपीएल परवान्याचे भाग घ्या) गाळा, एक्स२६४ वगैरे व्हिडिओ एन्कोडर लागतच नाहीत. फ्राउनहोफरच्या एन्कोडरचा परवाना जीपीएलशी जुळत नाही, पण जीपीएल नसेल तर 'इनेबल-नॉनफ्री'ही लागत नाही. एपीटीत डेबियनचा नॉन-फ्री विभाग चालू करून लिबएफडीके-एएसी-डेव्ह (तोच एन्कोडर) घ्या, सोबत नॅझम (कंपाइल करायला लागणारा असेंब्लर), बस्स. सुरक्षा अपडेट मात्र तुमच्या बिल्डला येणार नाहीत. कुठून कुठून उतरवलेल्या फायली त्यावर चालवू नका, त्यांना एपीटीचं एफएफएमपेग आहेच.

खटपट्या:
स्टोने केलं, धन्यवाद! पण त्याच टर्मिनलमध्ये अजून ५.१ च दाखवतंय?

काळीखिडकी:
बॅशने (टर्मिनलमधल्या शेलने) प्रोग्रामचा जुना पत्ता लक्षात ठेवलाय. 'हॅश -आर' मारा.

खटपट्या:
आलं ७.१. आता कॅसेटींची नावं टाइप करत बसतो.