दूध येत नाही, हे ठरवायचं कुणी?
बाळाला अंगावर पाजण्याबद्दल 'सिस्टर लोकांना माहितीच नसते, ट्रेनिंग दिलं की झालं' असं इथे एकांनी म्हटलंय, ते मला निम्मंच पटलं. पहिल्या तासात पाजा, सहा महिने फक्त आईचं दूध, हे त्यांना तोंडपाठ असतं. वॉर्डात तक्ताही लावलेला असतो. अडतं ते मध्यरात्री, बाळ टाहो फोडत असताना. कोथरूडच्या एका खासगी हॉस्पिटलात वहिनीचं सिझेरियन झालं. रात्रपाळीच्या मुलीने जवळ न बसताच "दूध येत नाहीये, वरचं देऊ" म्हणत वाटी-चमचा आणला. सकाळच्या वयस्कर सिस्टरनी मात्र टाक्यांवर भार नको म्हणून वहिनीला कुशीवर वळवलं, बाळाने मोठा आ करेपर्यंत वाट पाहिली आणि नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं त्याला जवळ घेतलं. खालचा ओठ बाहेर वळला, हनुवटी टेकली, घोट ऐकू यायला लागले. (सासूबाईंचे सल्ले तेवढ्यापुरते थांबले!) ज्ञान दोघींकडे सारखंच असावं, पण रात्री एकटीवर अख्खा वॉर्ड असेल तर दूध पावडरीचा डबा उघडणं सोपं पडतं.

बाकी, पहिले दोन-तीन दिवस चिकाचं दूध थोडंच येतं आणि बाळाला तेवढं पुरतं. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी लंगोट ओले होतायत का, ते बघा. आणि डिस्चार्जच्या वेळी पावडरीचा फुकट नमुना हातात ठेवला तर सरळ विचारा: बाळांच्या डब्याच्या दुधाबद्दलच्या १९९२ च्या कायद्याने त्याला बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झालाय.