मोटार ब्रॅकेटच्या एफईएला फुकटचं सॉफ्टवेअर पुरेल का?

लूमपार्ट्स_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल लूमचे सुटे भाग करतो. 960 आरपीएम मोटारचा ब्रॅकेट एफजी 260 बिडाचा (ताणक्षमता 260 एमपीए असा ग्रेड) आहे. पाय आणि उभी भिंत मिळतात त्या कोपऱ्यात तडा जातो. पॅटर्न (ओतकामाचा नमुना) बदलण्याआधी एफईएने, म्हणजे भागाचे बारीक तुकडे पाडून कॉम्प्युटरवर हिशेब करून, स्ट्रेस (आतला ताण) आणि नॅचरल फ्रिक्वेन्सी (ब्रॅकेट स्वतःहून कंप पावतो ती) बघायची आहे. प्रीपोमॅक्स हे एफईए सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याच कामाच्या महागड्या अ‍ॅन्सिस-अबाकसचं लायसन्स झेपणारं नाही. उत्तरात फरक पडेल का? स्टुडंट व्हर्जनवर भागेल का?

चिंचोली_डिझाईन:
स्टुडंट व्हर्जन विसरा दादा. धंद्याच्या कामाला ते चालत नाही, शिवाय नोडची (मॉडेलच्या जाळीतल्या बिंदूंची) मर्यादा असते.

तुमचं काम लिनिअर स्टॅटिक (स्थिर भाराखालचा स्ट्रेस) आणि मोडल (कंपनाची फ्रिक्वेन्सी) एवढंच आहे. मेश (तुकड्यांची जाळी), भार, आधार सारखे असतील तर प्रीपोमॅक्समागचा कॅल्क्युलिक्स सॉल्व्हर (प्रत्यक्ष हिशेब करणारा प्रोग्रॅम) आणि अ‍ॅन्सिस यांची उत्तरं जुळतात. घोटाळा होतो तो मॉडेलमध्ये. चार नोडचे टेट्रा एलिमेंट (मेशचे चार बाजूंचे तुकडे) वापरू नका, वाकण्यात ते फाजील ताठ वागतात आणि स्ट्रेस कमी दाखवतात. दहा नोडचे घ्या, भिंतीच्या जाडीत निदान दोन एलिमेंट ठेवा. कोपऱ्यात फिलेट (गोलाई) काढलाच पाहिजे. धारदार कोपरा ठेवलात तर मेश जितका बारीक कराल तितका तिथला स्ट्रेस वाढतच जाईल आणि त्या आकड्याला काही अर्थ राहणार नाही. फिलेटपाशी एलिमेंटचा आकार निम्मा करून पुन्हा चालवा. फरक 5 टक्क्यांच्या आत आला की थांबा.

युनिट मिमी-टन-सेकंद असेल तर बिडाची घनता 7.2e-9 आणि ई (ताठपणाचा आकडा, यंग्ज मॉड्युलस) 1,10,000 च्या आसपास. घनतेत 7200 टाकलं की फ्रिक्वेन्सी दहा लाख पटीने कमी येते. मोटारचं वजनही धरा, नाहीतर फ्रिक्वेन्सी खोटी जास्त दिसेल. 960 आरपीएम म्हणजे 16 हर्ट्झ, त्याच्या आसपास पहिला मोड (सगळ्यात कमी नॅचरल फ्रिक्वेन्सी) नको.

बीडकाम:
एक भर. बीड ठिसूळ, म्हणून व्हॉन मिसेस (लवचीक धातूंना लावायचा एकत्रित स्ट्रेस) बघू नका, कमाल प्रिन्सिपल स्ट्रेस (कुठल्याही दिशेतला सर्वात मोठा ताण) बघा. आणि त्याची तुलना थेट 260 शी करू नका. लूम सारखा चालू-बंद होतो, भार उलटसुलट पडतो, म्हणजे तडा बहुतेक फटीगचा (पुन्हा पुन्हा भार पडून थकल्याचा). तिथे ताणक्षमतेच्या 35–40 टक्केच धरा. वर 260 हा आकडा 30 मिमीच्या टेस्ट बारचा. जाड भागात बीड सावकाश थंड होतं आणि ताकद त्याहून कमी भरते. कुठलंही सॉफ्टवेअर हे आपणहून सांगणार नाही.

लूमपार्ट्स_सोलापूर:
मग महागड्याला पैसे कधी मोजायचे?

चिंचोली_डिझाईन:
रबर माउंट, अनेक ठिकाणचा सरकता कॉन्टॅक्ट (एकमेकांवर टेकलेले भाग), धडक यांसाठी. कॅल्क्युलिक्समध्ये कॉन्टॅक्ट आहे, पण कन्व्हर्ज होता होता (उत्तर स्थिर होईपर्यंत) जीव जातो. तुमचे बोल्ट घट्ट असतील, सांधा सरकत नसेल, तर कॉन्टॅक्टऐवजी टाय द्या (दोन्ही भाग चिकटलेले धरा). गिऱ्हाईकाने ठरावीक सॉफ्टवेअरचाच रिपोर्ट मागितला तर मात्र इलाज नाही. तेवढं एक काम पुण्यातल्या कन्सल्टंटकडून करून घ्या, लायसन्सपेक्षा स्वस्त पडेल. कॅल्क्युलिक्सची इनपुट फाईल अबाकसच्याच धाटणीची असते, थोड्या दुरुस्तीने तिकडे चालते.

सुरुवातीला नाफेम्स या एफईए संस्थेचा एलई10 हा जाड प्लेटचा, उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न सोडवून बघा. डी बिंदूपाशी वाय दिशेचा स्ट्रेस उणे 5.38 एमपीए यायला हवा. मग ब्रॅकेटला हात लावा, आणि दर रनला रिॲक्शनची (आधारांवर येणाऱ्या बलांची) बेरीज दिलेल्या भाराइतकी येते का ते तपासा.