मदत हवी आहे: ‘न्यू’, नवा आणि नऊ

नमस्कार मंडळी. मी खानापुरात आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. इंग्रजी ‘न्यू’ आणि आपला ‘नवा’ एकाच मुळाचे, हे मुलांना सांगितलं: संस्कृत ‘नव’, लॅटिन ‘नोवुस’, ग्रीक ‘नेओस’. कन्नड ‘होस’ मात्र द्राविडी. होसूर म्हणजे नवं गाव, हे तर त्यांना लगेच पटलं.

एका मुलीनं वहीत ‘नवा’ आणि ‘नऊ’ शेजारीशेजारी लिहून विचारलं, यांचंही नातं आहे का? संस्कृतात दोन्हींना ‘नव’च. लॅटिनमध्येही ‘नोवुस’ आणि ‘नोवेम’! आठानंतर मोजणी नव्यानं सुरू व्हायची म्हणून नऊ, असं काहीजण मानतात. याला भक्कम आधार आहे का? बेळगाव-निपाणीकडे कुणाजवळ चांगला व्युत्पत्तिकोश असेल, तर त्या पानाचा फोटो पाठवाल का? पोरगी रोज विचारतेय.