पक्षाघात: आधी जवळचे रुग्णालय की थेट थ्रोम्बेक्टमी केंद्र?

मूळ मांडणी
मेंदूच्या मोठ्या धमनीत अडकलेली गुठळी जांघेतून कॅथेटर नेऊन ओढून काढणे, म्हणजेच थ्रोम्बेक्टमी, हा आता प्रयोगापुरता उपाय राहिलेला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांतील १,२८७ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात सरासरी दर २.६ रुग्णांमागे एकाचे अपंगत्व किमान एका पायरीने कमी झाल्याचे दिसले. ही सोय नसलेल्या रुग्णालयात आधी थांबणे मला वेळेचा अपव्यय वाटते. रुग्णवाहिकेने थेट मोठे केंद्र गाठावे.

प्रतिसाद १
असहमत. झटका गुठळीमुळे आला की रक्तस्रावामुळे, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि गुठळी असली तरी ती मोठ्या धमनीतच असेल असे नाही. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतातील रेसकॅट चाचणीत (२०२२) नेमके हेच दोन मार्ग ताडून पाहिले, तेव्हा ९० दिवसांनंतरच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट, ज्यांना प्रत्यक्षात रक्तस्राव झाला होता, त्यांची स्थिती थेट लांब नेल्याने अधिक वाईट झाली. शिवाय गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते जवळच्या रुग्णालयात लवकर मिळते.

धागालेखक
रक्तस्रावाचा मुद्दा मान्य; तो मी विचारात घेतला नव्हता. परंतु कॅटलोनियातील रुग्णालये एका सुसूत्र जाळ्यात बांधलेली आहेत. जिथे पहिल्याच रुग्णालयात तपासणी, निर्णय आणि पुढची रुग्णवाहिका यांत दोन तास जातात, तिथे तो निष्कर्ष कसा लागू करणार?

प्रतिसाद २
मग दोष त्या दोन तासांचा आहे, मार्गाचा नव्हे. स्कॅनच्या त्याच बैठकीत सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) करावी, इंजेक्शनचा परिणाम दिसण्याची वाट पाहू नये आणि रुग्णाला आणणारी रुग्णवाहिका दारातच थांबवून ठेवावी. (थ्रोम्बेक्टमीसाठी सगळ्यांनाच २४ तासांपर्यंत मुदत असते, हा गैरसमजही इथेच नडतो: उशिरा केलेल्या थ्रोम्बेक्टमीच्या डॉन चाचणीतील रुग्ण मेंदूचा मृत भाग लहान आणि धोक्यातील भाग मोठा असल्याचे पाहून निवडलेले होते.)

धागालेखक
तरीही, लक्षणे तीव्र असतील आणि मोठे केंद्र दहा-पंधरा मिनिटेच लांब असेल, तर मी थेट तिकडेच नेण्याच्या बाजूने राहीन.

प्रतिसाद १
तेवढ्या अंतराला माझाही विरोध नाही. मी तासाभराच्या प्रवासाबद्दल बोलत होतो.