अमेरिकेच्या डोंगराळ पश्चिमेत मुलाबाळांसह बिऱ्हाड हलवताना: तुमचे अनुभव लिहा

आम्ही अकरा वर्षं न्यू जर्सीत आहोत. नवऱ्याला दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय, एक युटातल्या, सॉल्ट लेक सिटीजवळच्या लीहायहून आणि एक आयडाहोतल्या बॉयझीहून. शिवाय डेन्व्हरला त्याचा चुलतभाऊ असतो, तो रोज फोन करून "इकडेच या" म्हणतो. मुलगी सहावीत आहे, मुलगा चार वर्षांचा. सासूबाई दरवर्षी पाच महिने आमच्याकडे असतात आणि त्यांना दमा आहे. व्हिसा अजून एच-वनच, म्हणजे नोकरीला बांधलेला.

"राहण्यासाठी उत्तम दहा शहरं" छापाच्या याद्या मी इतक्या वाचल्यात की आता पाठ झाल्यात. सगळीकडे तेच: डोंगर, ऊन, चांगल्या शाळा. मला हवंय ते वेगळं. तिथे राहायला गेल्यावर पहिल्यांदा कशाने अडवलं? पहिल्या जानेवारीत काय कळलं, पहिल्या ऑगस्टमध्ये काय कळलं? आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं जे काही असेल ते लिहा. छोटं असलं तरी चालेल. निर्णय मार्चच्या आत घ्यायचाय.

डेन्व्हरचं उपनगर, ७ वर्षं

मी स्वयंपाकघरापासूनच सुरुवात करते, कारण आमची पहिली फजिती तिथेच झाली. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. आल्यावर पहिल्या होळीला मी पुरण घातलं. नेहमीसारखी चणाडाळ भिजवून शिजवली, वरून अगदी मऊ दिसत होती. पण दाणा बोटांत दाबला तर आत बारीक कणी. वाटून, चाळून काही उपयोग झाला नाही, पोळी लाटताना प्रत्येक ठिकाणी फुटली. सासरे काही न बोलता जेवले, मला मात्र रडू आलं. आता डाळ रात्रभर भिजवते आणि कुकरच्या शिट्ट्या दुप्पट करते. राजमा, छोले यांचंही तेच. केक उलट भराभर फुगतो आणि मध्येच बसतो.

दुसरी गोष्ट कोरडेपणा. मुलाच्या उशीवर सकाळी रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा माझे हातपाय गळाले होते. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, नाक सुकलंय, झोपताना आत व्हॅसलिन लावा आणि खोलीत ह्युमिडिफायर ठेवा. पहिला महिना सगळ्यांनी पाणी भरपूर प्या, डोकेदुखी आपोआप कमी होते.

घर घेणार असाल तर छप्पर कोणत्या साली घातलंय ते आधी विचारा. इथे गारा पडतात, आणि गारा म्हणजे लिंबाएवढ्या. ८ मे २०१७च्या एका दुपारच्या गारपिटीत विम्याचे दावे २०० कोटी डॉलरच्या वर गेले. गारांसाठी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम बऱ्याच पॉलिसींत घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असते, ते वाचल्याशिवाय सही करू नका. तळघरात रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची, चाचणीही कराच. कोलोरॅडोत निम्म्याच्या आसपास घरांत तो लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या मर्यादेच्या वर निघतो. पाइप आणि पंखा बसवला की काम होतं, घाबरायचं कारण नाही.

सॉल्ट लेकची दरी, ९ वर्षं

तुम्ही दम्याचं लिहिलंत म्हणून लगेच लिहायला बसले.

आमची दरी पूर्वेला वासॅच आणि पश्चिमेला ओकर डोंगरांच्या मध्ये आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत कधीकधी थंड हवा खाली अडकते आणि वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. कढईवर ताट झाकावं तसं. गाड्यांचा, घरांच्या चिमण्यांचा सगळा धूर त्याच कढईत. दोन-तीन दिवसांत डोंगर दिसेनासे होतात, आठवड्याने समोरची गल्लीसुद्धा मळकट दिसायला लागते. वादळ आलं की झाकण उडतं, तोवर वाट बघायची. अशा दिवसांत शाळा मुलांना मधल्या सुट्टीत बाहेर सोडत नाहीत. गंमत म्हणजे गाडी काढून पार्क सिटीला चढलं की अर्ध्या तासात निळंभोर आकाश आणि लख्ख ऊन, आणि मागे वळून बघितलं तर आपलं गाव दुधाच्या सायीखाली बुडालेलं.

माझी आई पहिल्या वर्षी जानेवारीत आली होती. तिला दमा नाही, तरी तिसऱ्या आठवड्यात खोकला लागला. तेव्हापासून ती एप्रिलमध्ये येते आणि ऑक्टोबरच्या शेवटी परत जाते. तुमच्या सासूबाईंचे पाच महिने कोणते, यावर इथलं बरंच काही अवलंबून आहे. उन्हाळ्यात हवेत ओझोन वाढतो, तोही दम्याला त्रासदायक, हे लक्षात ठेवा. ग्रेट सॉल्ट लेकही आटतोय. २०२२मध्ये पाणी आजवरच्या नोंदींत सर्वांत खाली गेलं, आणि उघड्या पडलेल्या तळाच्या धुळीत आर्सेनिक आहे. ही काळजी मला खरी वाटते. ती मी कमी करून सांगणार नाही.

आता शेजार. इतके चांगले शेजारी मला पुण्यातही मिळाले नव्हते. सामान उतरवत होतो तेव्हा समोरचे काका दोन मुलांना घेऊन आले आणि सोफा वर चढवून गेले. बर्फ पडला की आमच्या दारातला बर्फ कोण काढून जातं ते अजून कळलेलं नाही. इथे बरेच लोक मॉर्मन पंथाचे, आणि त्यांच्या चर्चची विभागणी मोहल्ल्याप्रमाणे असते, त्यामुळे गल्लीतली बरीच घरं एकाच मंडळीत असतात. ऊब तिथूनच येते आणि बाहेर राहिल्याची जाणीवही तिथूनच. मुलगी सातवीत असताना बुधवारी संध्याकाळी तिच्या सगळ्या मैत्रिणी चर्चच्या कार्यक्रमाला जायच्या, रविवारी कुणी खेळायला नसायचं, आणि ती खिडकीत बसायची. कुणी तिला वाईट वागवलं नाही. बोलावलंसुद्धा, पण गेली तरी परकी आणि नाही गेली तरी परकी. मग आम्ही घर बदललं, मिश्र वस्तीत आलो, आणि साउथ जॉर्डनच्या गणेश मंदिराजवळ मराठी घरं भेटली. आता ती अकरावीत आहे, ठीक आहे. पण सहावीतली मुलगी घेऊन येताय, तर घर बघताना शाळेच्या गुणांबरोबर हेही बघा. आणि शाळा म्हणाल तर युटात दर विद्यार्थ्यामागचा सरकारी खर्च देशात तळाच्या राज्यांत मोडतो, वर्ग मोठे असतात. शिक्षक मात्र आम्हाला मनापासून शिकवणारे मिळाले.

स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरातली होळी एकदा बघाच. रंग खेळणारे हजारोंनी, आणि त्यातले बहुतेक इथलेच कॉलेजचे विद्यार्थी.

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो, १० वर्षं

मूळ चिपळूणचा. पाण्याची कमतरता म्हणजे काय ते मला इथे कळलं. आल्यावर पन्हळीखाली पिंप ठेवायला गेलो तर शेजाऱ्याने विचारलं, किती गॅलनचं आहे? २०१६पर्यंत घराच्या छपरावरचं पाणी साठवणं इथे बेकायदा होतं. आता दोन पिंपं, मिळून ११० गॅलन, एवढीच परवानगी. कारण नदीच्या पाण्यावर ज्याने आधी हक्क नोंदवला त्याचा पहिला मान, आणि छपरावरचा पाऊसही शेवटी नदीचाच. मी ते पिंप अजून जपून ठेवलंय, त्यावर मेथी आणि कोथिंबीर होते.

२०२०च्या सप्टेंबरात जवळच्या डोंगरात कॅमेरॉन पीकचा वणवा जळत होता. इथल्या, सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीत भर उन्हाळ्याची उष्णता, दुपारी आकाश नारिंगी आणि गाडीच्या काचेवर राख. दुसऱ्याच दिवशी बर्फ पडला. मुलाने अंगणात हात पुढे करून विचारलं, बाबा, ही राख आहे की बर्फ? तो वणवा दोन लाख एकरांवर गेला, राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा.

बाकी गाव सोन्यासारखं. विद्यापीठ, चिप डिझाइनच्या नोकऱ्या, सायकलचे रस्ते. दुसऱ्या हद्दीतल्या शाळेसाठीही अर्ज करता येतो, फक्त तारखा चुकवू नका.

बोल्डरजवळ, १२ वर्षं

वरच्या वणव्याच्या मुद्द्याला जोडून. लोक समजतात, आग म्हणजे जंगलातल्या घरांना. ३० डिसेंबर २०२१ला सुपीरियर आणि लुइसव्हिलमध्ये लागली ती गवतातून आली, ताशी १६० किलोमीटरच्या वाऱ्यावर, आणि दुकानांच्या रांगेशेजारच्या साध्या वसाहतींतली हजारावर घरं काही तासांत गेली. आमचं घर वाचलं. पासपोर्ट, मुलं आणि आजोबांचा तांब्या घेऊन निघालो होतो, तांब्या का उचलला ते आजही सांगता येत नाही. रस्त्यापलीकडच्या मित्राचं घर गेलं, आणि विम्याची रक्कम घर पुन्हा बांधायच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी निघाली. त्याला तीन वर्षं भाड्याच्या घरात काढावी लागली.

म्हणून सांगतो. पॉलिसीत बाजारभाव बघू नका, पुनर्बांधणीचा खर्च बघा, आणि दरवर्षी वाढवून घ्या. प्रत्येक खोलीचा, प्रत्येक कपाट उघडून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, आज रात्रीच करा.

आधी बोझमन, मॉन्टाना, आता डेन्व्हर

एच-वनवाल्यांनी हे वाचाच. बोझमनइतकं सुंदर गाव मी पाहिलेलं नाही. खिडकीतून ब्रिजर डोंगर, विक्रीकर नाही, मुलं शाळेतून स्की करायला जायची. हिवाळ्यात उणे ३० सेल्सिअसच्या खाली गेलेलं पाहिलंय. मसाले भरायला सॉल्ट लेकला सहा-सात तास गाडी हाकायचो, त्याचंही काही वाटत नव्हतं.

मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. व्हिसाच्या नियमाने हाती जास्तीत जास्त साठ दिवस, तेवढ्यात नवी कंपनी मिळवायची नाहीतर देश सोडायचा. त्याच्या कामाची दुसरी कंपनी गावात एकही नव्हती. साठ दिवसांत नोकरी शोधायची, घर विकायला काढायचं, मुलांना वर्षाच्या मध्यात शाळेतून काढायचं. त्रेपन्नाव्या दिवशी डेन्व्हरच्या कंपनीने नवा अर्ज दाखल केला. त्या आठवड्यांत मी वजन किती घटवलं ते विचारू नका.

तेव्हा माझा तुम्हाला एकच प्रश्न: ही नोकरी गेली तर त्याच गावात, तेच घर ठेवून, दुसरी मिळेल का? लीहाय ते सॉल्ट लेक या पट्ट्यात सॉफ्टवेअरच्या कंपन्या पुष्कळ आहेत. बॉयझीत नवऱ्याचं क्षेत्र काय त्यावर ठरेल. ग्रीन कार्ड हातात असतं तर मी आजही बोझमनमध्येच असते.

डेन्व्हर सोडून डॅलसला गेलेले

आम्ही चार वर्षांत परत निघालो, बाबांसाठी. त्यांच्या फुप्फुसांचा आजार पुण्यात गोळ्यांवर आटोक्यात होता. डेन्व्हरला आल्यावर तिसऱ्या दिवशी बोटाला लावायच्या यंत्रावर आकडा ८६. समुद्रसपाटीच्या मानाने तिथे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन जवळजवळ सहाव्या हिश्शाने कमी. डॉक्टर म्हणाले, रात्री ऑक्सिजन लावून राहू शकतील. बाबा म्हणाले, नळी लावून नातवाशी खेळायचं नाही मला. ताई, सासूबाईंच्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. डेन्व्हर ५,२८०, सॉल्ट लेक सुमारे ४,२००, बॉयझी २,७०० फूट.

बॉयझी, ६ वर्षं

बॉयझीची बाजू मांडायला कुणी आलंच नाही म्हणून लिहितोय. नदीकाठचा ग्रीनबेल्ट पंचवीस मैल लांब आहे, माझी मुलगी सहावीपासून त्यावरून सायकलने शाळेत जाते. जुलैत आख्खं गाव ट्यूब घेऊन नदीत. बोगस बेसिनचा स्कीचा डोंगर घरापासून पाऊण तासावर. किराण्याची काळजी नको: इथे भूतानहून आलेली नेपाळी कुटुंबं बरीच वसली आहेत, त्यांच्या दुकानांत हिंग, तूरडाळ, कढीलिंब सगळं मिळतं, आणि दुकानदार बायकोला "भाउजू", म्हणजे वहिनी, म्हणून पिशवीत दोन मिरच्या जास्त टाकतो.

उणी बाजूही लिहितो. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर दरीत बसतो, काही वर्षी दोन-दोन आठवडे. हिवाळ्यातलं झाकण इथेही बसतं. भारतात जायला बहुतेक वेळा दोनदा विमान बदलावं लागतं. आणि बायकांच्या आरोग्याचा प्रश्न गंभीर आहे: २०२२च्या गर्भपातबंदीनंतर बरेच प्रसूतितज्ज्ञ राज्य सोडून गेले, २०२३मध्ये उत्तरेला सँडपॉइंटच्या रुग्णालयाने प्रसूती विभागच बंद केला. आम्हाला दुसरं मूल हवं होतं तेव्हा घरापेक्षा आधी डॉक्टर शोधला.

अल्बुकर्की, न्यू मेक्सिको, ५ वर्षं

तुमच्या यादीत नाही, तरी दोन ओळी. सप्टेंबरात दुकानांबाहेर जाळीच्या पिंपात हिरव्या मिरच्या भाजतात, त्या वासाला मी गाडी थांबवते. शाळांचे निकाल राज्यभर कमकुवत, त्यामुळे घर फार निवडून घ्यावं लागतं. पश्चिमेकडच्या राज्यांत एक सोय आहे, तीही बघून ठेवा: त्यांतल्याच दुसऱ्या राज्यातल्या सहभागी विद्यापीठांत तिथल्या रहिवाशांच्या जास्तीत जास्त दीडपट फीमध्ये शिकता येतं. मोठ्या मुलीसाठी उपयोगी पडेल.

धागाकर्ती

इतकं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंच्या डॉक्टरांशी बोलले. डेन्व्हर त्यांनी नकोच म्हटलं, बाकी दोन्हींसाठी "ऋतू बघून" म्हणाले. नवऱ्याने बॉयझीत त्याच्या कामाच्या कंपन्या मोजल्या, तीन निघाल्या. लीहायच्या आसपास सोळा मोजून थांबला. व्हिडिओ आम्ही त्याच रात्री काढला. जानेवारीच्या शेवटी दोन्ही गावं बघायला निघतोय, मुद्दाम हवा वाईट असताना. सॉल्ट लेकच्या ताई, तुमच्याकडे चहाला येऊ का?

सॉल्ट लेकची दरी

विचारताय काय, जेवायलाच या. सासूबाईंना या खेपेला आणू नका, मुलीला मात्र नक्की आणा. बुधवार धरून या. माझी लेक तिला संध्याकाळी स्वतः गल्लीतून फिरवून आणेल, आणि काय काय वाटतं ते त्या दोघी आपापसात बोलतील.